नऊ ड्रॅगन आणि नऊ तास

क्रूझवर जाणारी माणसं दोन प्रकारची असतात. पहिली, जहाज बंदराला लागलं तरी स्विमिंग पूलच्या कडेची खुर्ची न सोडणारी. दुसरी, सकाळी साडेसहाला टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली अशा जय्यत तयारीनिशी लॉबीत हजर असणारी. 'आलोच आहोत तर बघून टाकू' हे त्यांचं ब्रीदवाक्य. आपण मराठी मंडळी बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडतो. पैसे भरलेत ना, मग?

सिंगापूरहून व्हिएतनामकडे जाणाऱ्या क्रूझवर हल्ली हे दुसऱ्या प्रकारचे चेहरे भरपूर दिसतात. कुणी टार्गेट पूर्ण केल्याबद्दल कंपनीने पाठवलेले, कुणी हनिमूनचे, कुणी आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचे. जहाज दक्षिण व्हिएतनामला लागतं तेव्हा हातात एक यादी पडते. सायगाव शहर दर्शन, कू चीचे भुयारी रस्ते आणि 'मेकाँग डेल्टामधली खेडी'. वेळ नऊ तास, जेवण समाविष्ट. फोटोत शंकूसारखी टोपी घातलेली बाई झावळ्यांच्या बोगद्यातून होडी वल्हवतेय. संपलं! फोटो बघूनच अर्धी बस भरते.

आम्हीही त्या बसमध्ये होतो. आता तुम्ही जाणार असाल तर काय दिसतं, काय दिसत नाही आणि कशाकडे नीट बघायचं, ते सांगते.

बंदर नावापुरतं

सगळ्यात आधी बंदराचा किस्सा. यादीवर 'हो चि मिन्ह सिटी' लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं फू मीला. मोठ्या क्रूझ नदीतून शहरापर्यंत जाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्या इथेच थांबतात. पूर्वी फू मी वेगळ्या प्रांतात होतं आणि प्रवासी 'आम्हाला फसवलं' म्हणून कुरकुरायचे. १ जुलै २०२५ ला व्हिएतनामने प्रांतांची फेररचना केली आणि फू मी हो चि मिन्ह सिटीत सामील झालं. म्हणजे आता कागदोपत्री तक्रारीला जागा नाही. पण शहराच्या मध्यात जायला बसने दीड-दोन तास तेवढेच लागतात, हे आपलं पनवेलला उतरवून 'मुंबई आली' म्हटल्यासारखं.

डेल्टासाठी तर त्याहून पुढे जायचंय. मी थो हे गाव गाठायला एका बाजूचे अडीच-तीन तास धरा. नऊ तासांतले पाच-सहा बसमध्येच गेले. उरलेल्या तीन-साडेतीन तासांत नदी, बेट, गाव, जेवण, खरेदी, गाणं-बजावणं. अगदी लग्नाच्या हॉलसारखा कार्यक्रम. पुढची पार्टी बाहेर उभीच आहे.

म्हणून पहिला फंडा, बसमध्ये झोपू नका. शहराची गर्दी संपली की भातशेती सुरू होते आणि शेताच्या मधोमध रंगीत, नक्षीदार थडगी दिसायला लागतात. तिथे पूर्वजांना आपल्याच शेतात पुरायची पद्धत आहे. आजोबा भाताच्या राखणीला, कायमचे! आमच्या बसमधल्या एका काकूंचा यावरचा अभिप्राय: "बरंय की, जमीन विकायची म्हटली तर मुलांना दहा वेळा विचार करावा लागत असेल."

ठरलेलं ताट

मी थोला टिएन नदीच्या धक्क्यावर मोटरबोटीत बसवतात. समोर चार बेटं. ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स अशी त्यांची नावं, तिथल्या चार पवित्र प्राण्यांवरून. क्रूझवाल्यांना सहसा युनिकॉर्न म्हणजे थोय सोन बेटावर नेतात, काहींना फिनिक्सवर म्हणजे कॉन फुंगवर. मग एकापाठोपाठ एक पदार्थ ताटात पडतात.

आधी मधाचा चहा. मधमाश्यांची चौकट हातात धरायला देतात, चहात छोट्या लिंबासारखं फळ पिळतात. शेजारी मध विकायला असतोच. ज्यांना हौस आहे त्यांनी गळ्यात अजगर घालून फोटो काढायचा. मग फळं: लाँगन, रामबुतान, अननस, पपनस आणि फणस. सोबत मीठ-मिरची. परदेशात फळाला मीठ-तिखट लावून देणारी माणसं भेटली की एकदम घरचं वाटतं.

मग गाणं. याला डोन का ताय तू म्हणतात, दक्षिण व्हिएतनामचं बैठकीचं संगीत. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. चंद्रासारखी गोल तबकडी असलेलं तंतुवाद्य, सोळा तारांचं स्वरमंडळासारखं वाद्य आणि चक्क गिटार. पण गिटार नीट बघा. पडद्यांमधलं लाकूड खरवडून खोलगट केलेलं असतं, म्हणजे तार खोल दाबून सूर ओढता येतो. आपल्याकडे जिला मींड म्हणतो, ती काढण्यासाठी! मुळात ही बैठक शेतीची कामं आटोपल्यावर शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी जमून रात्र रात्र करायची गोष्ट. आपल्याला मिळतात पंधरा मिनिटं, त्यातही निम्मे लोक व्हिडिओ काढण्यात आणि उरलेले चहा थंड झालाय का ते बघण्यात.

त्यानंतर नारळाच्या गोळ्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे मोठी शेड. नारळाचं दूध, साखर आणि चिकट तांदळापासून केलेला माल्ट काहिलीत आटवायचा, साच्यात ओतायचा, कापायचा आणि खाता येईल अशा तांदळाच्या पातळ कागदात गुंडाळायचा. आपल्या नारळाच्या वडीची ही चिवट मावसबहीण. कापणाऱ्या-गुंडाळणाऱ्या बायकांचा वेग बघून आमच्यातल्या एका एचआरवाल्याने लगेच 'प्रोडक्टिव्हिटी' हा शब्द उच्चारला. त्याला तिथेच गप्प करण्यात आलं.

आणि शेवटी फोटोतली ती होडी. लांबट, अरुंद, एका वेळी चार प्रवासी. पुढे एक बाई, मागे एक बाई. दोन्ही बाजूंना पाण्यातूनच उगवलेले, बुंधाच नसलेले, नुसत्या झावळ्यांचे माड. तिथे त्यांना 'पाण्याचा नारळ' असंच म्हणतात. बोगदा खरंच फोटोतल्यासारखा आहे. फक्त फोटोत मागच्या-पुढच्या तीस होड्या नसतात.

एव्हाना बसमध्ये दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, 'वॉव, किती ऑथेंटिक!' दुसरा म्हणतो, 'कसलं ऑथेंटिक, सगळं टुरिस्टांसाठी मांडलेलं.' माझं मत विचाराल तर दोघंही चुकतात. चहाचं टेबल आपल्यासाठी मांडलंय, कबूल. पण त्या टेबलाखालची जमीन कुणी आपल्यासाठी मांडलेली नाही. आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

पाणी घाण आहे का?

मोटरबोट नदीच्या मध्यावर आली तेव्हा एक काका म्हणाले, "पाणी फारच घाण आहे हो." आमचा गाइड, पंचविशीतला पोरगा, हसला. म्हणाला, "काका, ती आमची जमीन आहे. अजून पोहोचायचीय."

वाक्य पाठ केलेलं असेल. प्रत्येक ग्रुपला ऐकवत असेल. पण खरं आहे.

मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते. चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम अशा सहा देशांतून चार हजारांहून जास्त किलोमीटर येते. येताना डोंगर खरवडत येते आणि तो गाळ इथे टाकते. शाळेत भूगोलात 'त्रिभुज प्रदेश' शिकलो होतो, आठवतंय? दोन मार्कांचा. तो हा. गेल्या सहा-सात हजार वर्षांत नदीने समुद्र मागे ढकलून ही जमीन तयार केली. आपण चहा प्यायलो ते बेटही गाळाचंच. नदी समुद्राला मिळताना फुटते म्हणून व्हिएतनामी लोक तिला कू लाँग, नऊ ड्रॅगन म्हणतात. नऊ मुखं, नऊ ड्रॅगन. आज ती नऊही वाहती नाहीत. एक गाळाने बुजलं आणि बा लाय नावाच्या दुसऱ्यावर समुद्राचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून २००२ मध्ये बांध घातला.

या गाळावर आज सतरा-अठरा दशलक्ष लोक राहतात. व्हिएतनामचा अर्ध्याहून जास्त तांदूळ इथे पिकतो आणि निर्यातीचा तर जवळजवळ सगळाच. म्हणजे ते 'घाण' पाणी एका देशाचं जेवण आहे.

आणि हल्ली ते पुरेसं गढूळ राहिलेलं नाही, हीच चिंता आहे. वरच्या बाजूला चीनने मुख्य प्रवाहावर दहाहून जास्त धरणं बांधली. खाली लाओसमध्ये सायाबुरी धरण २०१९ मध्ये सुरू झालं, डॉन साहोंग २०२० मध्ये. धरणात पाणी थांबतं तसा गाळही थांबतो. जो थोडाफार खाली येतो त्याच्याबरोबरची वाळू बांधकामासाठी उपसली जाते. मी थोच्या धक्क्यावरून दिसतात ना, नाकावर मोठे डोळे रंगवलेले, पाण्यात अगदी काठोकाठ बुडालेले पडाव? त्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात वाळू असते. फोटो सगळे डोळ्यांचा काढतात. पोटातलं कुणी विचारत नाही.

गाळ कमी, वाळू कमी, त्यात जमिनीखालचं पाणी उपसलं जातंय म्हणून जमीन खचतेय, वर समुद्र चढतोय. २०१९ मध्ये एका संशोधनात डेल्टाची उंची नव्याने मोजली गेली. समुद्रसपाटीपासून सरासरी अडीच मीटरच्या वर असेल असा समज होता. निघाली जेमतेम ०.८ मीटर. तुमच्या ऑफिसच्या टेबलाची उंची मोजा. साधारण तेवढीच. कोट्यवधी माणसं, भातशेती, नारळाच्या बागा आणि आजोबांची थडगी, सगळं त्या टेबलावर.

उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की समुद्र उलटा आत शिरतो. २०१६ मध्ये आणि परत २०२० मध्ये खारं पाणी इतकं आत आलं की भात जळला, फळबागा वाळल्या. २०२० च्या मार्चमध्ये पाच प्रांतांनी आणीबाणी जाहीर केली. आपण जिथे मध आणि गोळ्या खातो ते टिएन जियांग आणि बेन त्रे, दोन्ही त्या पाचांत होते.

गाइड बेन त्रेचाच. त्याच्या घरी अंगणात मोठाले रांजण आहेत, पावसाचं पाणी साठवायचे. "त्या वर्षी रांजण मार्चमध्ये संपले. नळाला मीठ. मग टँकर," तो म्हणाला. टँकर म्हटल्यावर इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घातलेले सगळे मराठी चेहरे वर आले. बीडकडचे एक गृहस्थ पुढच्या सीटवर सरकले आणि तिथून बस धक्क्याला परतेपर्यंत त्या दोघांचं जे काही चाललं होतं, ते अख्ख्या टूरमधलं सगळ्यात खरं संभाषण होतं. किती दिवसांनी येतो? किती पैसे घेतात? गुरांचं काय करता? रांजण मात्र रस्त्याच्या कडेच्या बहुतेक घरांपुढे दिसतात. बघायचं ठरवलंत तर.

वल्हं कुणाच्या हातात

आता होडीवाल्या मावशींबद्दल. आमच्या होडीत मागे होत्या त्या साठीच्या पुढच्या असाव्यात. पायघोळ विजार आणि वर साधा बटणांचा सदरा, ज्याला तिथे आओ बा बा म्हणतात. हाताला घट्टे. गाइडने सांगितलं, की घाटावर नंबर लावलेला असतो, रिक्षा स्टँडसारखा. नंबर आला की एक फेरी. गर्दीच्या दिवशी अनेक फेऱ्या, नाहीतर दिवसभरात एखादी. फेरी वीस मिनिटांची.

आपण क्रूझला जे पैसे भरतो, ते जहाज, एजंट, बस, बोट, रेस्टॉरंट असे झिरपत झिरपत घाटापर्यंत येतात. तिथवर पोहोचताना त्यांचंही गाळासारखंच होतं. वरच्या वर अडकतात. म्हणून वल्हवणाऱ्या मावशींची टीप हा तिथे शिष्टाचाराचा भाग समजू नका. ती कमाई आहे. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात. पन्नास हजारांची नोट ऐकायला भयंकर वाटते, पण ती पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. जहाजावरच्या एका कॉफीला आपण याहून जास्त मोजतो आणि तिथे घासाघीस करत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकीला टीप देणं 'अपमानास्पद' वाटत होतं. तिने मावशींबरोबर अकरा सेल्फी काढले. गाइडने शांतपणे सांगितलं, "मॅडम, सेल्फी मार्केटमध्ये चालत नाही."

टुरिझम वाईट, असं सोपं निदान करून मोकळं होऊ नका. आमच्या मावशींना गाइडतर्फे विचारलं, तर त्यांचं उत्तर सरळ होतं. पाणी खारं झालं त्या साली बागेतून काही मिळालं नाही, होडी होती म्हणून घर चाललं असतं. पण २०२० मध्ये नेमका कोविडही आला आणि होड्याही थांबल्या. एकाच वर्षी नदीने आणि पाहुण्यांनी, दोघांनी पाठ फिरवली. आता पाहुणे परत आलेत. नदीचं काय ते त्यांना माहीत नाही.

यादीत नसलेलं

नऊ तासांत न मावलेल्या दोन गोष्टी, तुमच्या खात्यावर जमा.

फिनिक्स बेटावर नऊ खांब आहेत, प्रत्येकावर एक ड्रॅगन गुंडाळलेला. हे 'नारळ साधू'चं ठाणं. नाव न्युएन थान नाम, फ्रान्समध्ये शिकलेला. सगळं सोडून इथे आला, बौद्ध आणि ख्रिश्चन विचारांची मोट बांधली, नारळावर जगतो म्हणून प्रसिद्ध झाला आणि युद्ध थांबवून देश शांततेने एक करा असं म्हणत राहिला. सायगावच्या सरकारने त्याला अटक केली. १९७५ नंतर देश एक झाला, तर नव्या सरकारनेही त्याला आत टाकलं. १९९० मध्ये तो गेला. आज त्याच्या खांबांसमोर गोळ्यांची दुकानं आहेत.

दुसरी गोष्ट बेन त्रेची. १९६० च्या जानेवारीत इथे सायगाव सरकारविरुद्ध उठाव झाला. त्याच्या नेत्यांमध्ये न्युएन थी दिन्ह ही स्थानिक बाई होती. तिच्यामागच्या बायकांच्या फौजेला 'लांब केसांची सेना' म्हणायचे. पुढे ती देशाची उपराष्ट्राध्यक्ष झाली. १९६८ च्या फेब्रुवारीत याच बेन त्रे शहरावर अमेरिकन बॉम्ब पडले आणि शहर उद्ध्वस्त झालं. झावळ्यांच्या बोगद्यातून जाताना हे कुणी सांगत नाही. सांगावं असंही नाही, वीस मिनिटांत कुठे सांगणार? पण आपल्या होडीवर वल्हं मारणाऱ्या साठीच्या मावशी तेव्हा लहान मुलगी असणार, एवढं गणित तर मनातल्या मनात करता येतं.

जाणार असाल तर...

* भारतीय पासपोर्टला व्हिएतनामचा व्हिसा लागतो. ई-व्हिसा मिळतो, पण तुमचं बंदर त्याच्या यादीत आहे ना ते आधी तपासा. क्रूझ सिंगापूरला परतणार असेल तर सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा.

* जहाजाच्याच टूरने गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः बाहेरची टॅक्सी केलीत तर थांबत नाही. सायगावचं ट्रॅफिक आपल्या सायन-पनवेलला लाजवेल असं आहे. हिशोब करून ठरवा.

* वेळ आणि बजेट असेल तर क्रूझ सोडून वेगळे या. मी थो किंवा बेन त्रेला एक रात्र राहा. बस निघून गेल्यावर, संध्याकाळी, ती बेटं त्यांच्या मालकांना परत मिळतात.

* शाकाहारी आहात? 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करा. बौद्ध परंपरा असल्यामुळे लगेच कळतं. नाहीतर भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. जेवणात अख्खा तळलेला 'हत्तीकान' मासा टेबलावर उभा करून आणतात, त्यामुळे शेजारच्याला आधी कल्पना द्या. तळून फुगवलेला चिकट भाताचा भलामोठा गोळा मात्र सगळ्यांना चालतो.

* वीस हजार आणि पाच लाखांच्या नोटा दोन्ही निळ्या. घाईत टीप देताना शून्यं मोजा. अर्थात चुकून पाच लाख गेले तर मावशींचा महिना चांगला जाईल.

* पुराच्या महिन्यांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, नदी सगळ्यात जास्त गढूळ असते. फोटो कमी छान येतात. डेल्टावाल्यांना मात्र तेच पाणी बघून बरं वाटतं.